ईल ओ झेग्रेत, मॉरिशस: बीचवरचा एक दिवस कमी करा पण ही टूर कराच

मॉरिशसचं पॅकेज घेतलं की काय काय मिळणार हे ठरलेलं असतं, कॅटमरान, पॅरासेलिंग, शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव आणि मग पोर्ट लुईला शॉपिंग. त्यात ईल ओ झेग्रेत या छोट्या बेटाचं नाव कुठेच नसतं. आमच्या एजंटला विचारलं तर म्हणाला तिथे झाडं आहेत नुसती, बघण्यासारखं काही नाही. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय, कारण माझ्या मते मॉरिशसमध्ये बघण्यासारखं जे अगदी मोजकं उरलंय त्यात हे बेट फार वर आहे.

एअरपोर्टच्या जवळच माएबूर नावाचं गाव आहे, तिथून पुढे प्वांत जेरोमला जेट्टी आहे, तिथून छोटी बोट निघते आणि काही मिनिटांत बेटावर सोडते. बेट किनाऱ्यापासून एक किलोमीटरही लांब नाही, साधारण २६ हेक्टरचं, सगळं जुन्या प्रवाळाच्या दगडाचं. १९६५ पासून हे राखीव आहे आणि १९८० च्या दशकापासून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळते. त्यांचा गाइड बरोबर असल्याशिवाय फिरता येत नाही आणि ते बरोबरच आहे.

उतरल्यावर पहिल्यांदा वाटतं की अरे, हे जंगल आहे? झाडं बुटकी, खोडं बारीक, सावलीही दाट नाही. मग गाइड थांबवते आणि हात लावून दाखवते की हे एबनी, आबनूस. हे आपल्या टेंभुर्णीच्या, म्हणजे ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या तेंदूच्याच कुळातलं आहे, आणि वाढतं इतकं सावकाश की मनगटाएवढं खोडसुद्धा खूप जुनं असू शकतं. मॉरिशसचा बराचसा किनारा एकेकाळी अशाच कोरड्या जंगलाने भरलेला होता. डच १५९८ मध्ये आले, १६३८ मध्ये वस्ती केली आणि काळ्या एबनीच्या लाकडासाठी तोड सुरू झाली, पुढे फ्रेंचांच्या आणि मग इंग्रजांच्या काळात ऊस वाढत गेला आणि सपाटीवरचं बाकीचं जंगल उसाने खाल्लं. आज चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल २ टक्क्यांच्याही खाली आहे. या बेटावरही सरपणासाठी झाडं तोडली गेली, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तोफा बसवल्या, त्या जागा अजून दिसतात. तरीही किनाऱ्यावरच्या एबनीच्या जंगलाचा इथे उरलाय तो शेवटचा तुकडा.

आता मला जे सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. मॉरिशसला पोचल्यापासून आम्हाला फार घरच्यासारखं वाटत होतं, हॉटेलच्या बागेत साळुंक्या, तारेवर शिपाई बुलबुल, रस्ता ओलांडणारं मुंगूस, पोपटसुद्धा आपलेच, गळ्यात कंठी असलेले. आई तर रोज सकाळी साळुंकी बघून खूश व्हायची. आणि बेटावर गेल्यावर कळलं की यातलं एकही इथलं नाही, माणसाने आणलेलं आहे सगळं. मुंगूस १९०० साली भारतातून आणलं, उंदीर मारायला, आणि ते पक्ष्यांवरही तुटून पडलं. बुलबुल परक्या झाडांची फळं खाऊन बिया रानभर पसरवतो. कंठीवाला पोपट इथल्या मूळ एको पोपटाच्या ढोल्या बळकावतो, तो बिचारा १९८० च्या दशकात डझनभराच्या आसपास उरला होता. माकडं डचांच्या काळापासून आहेत, ती अंडी खातात. हरणं जावाहून आणलेली. डोंगरात रस्त्याच्या कडेला लोक ज्या छोट्या लाल पेरूंवर तिखट-मीठ टाकून आवडीने खातात तो पेरूसुद्धा ब्राझीलकडचा, आणि तो इतका दाट माजतो की खाली मूळ झाडाचं रोप उभंच राहू शकत नाही. आणि बेटावर कामगार वर्षानुवर्षं जे हाताने उपटत आलेत त्यात आपल्या टेकड्यांवर लावलेली सुबाभूळ आहे हे ऐकल्यावर मला पुण्यातल्या टेकड्या आठवल्या आणि फार वाईट वाटलं. वटवाघळं सोडली तर मॉरिशसला जमिनीवरचा एकही मूळ सस्तन प्राणी नव्हता, त्यामुळे तिथल्या पक्ष्यांना पळायचं, लपायचं माहीतच नव्हतं. डोडो गेला तो असाच, सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत संपलासुद्धा.

आणि म्हणूनच इथलं मूळ गुलाबी कबूतर समोर फांदीवर बसलेलं बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं. फिकट गुलाबी अंग, तपकिरी पंख, पायात रंगीत कड्या, म्हणजे कुठलं कबूतर कुणाचं पिल्लू हे सगळं नोंदवलेलं. १९९० च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरली होती हो, फक्त दहा! पिंजऱ्यात वाढवून, रानात सोडून, वरून खाणं पुरवून, उंदीर-मांजरं आवरून आज ती काहीशेवर आली आहेत. मॉरिशसचा खरुची, म्हणजे तिथला केस्ट्रेल, तर १९७४ मध्ये चारच माहीत होते. कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा माणूस १९७० च्या दशकाच्या शेवटी इथे आला आणि आयुष्य यातच घातलं त्याने, घरट्यातली पहिली अंडी काढून उबवायची म्हणजे मादी परत घालते, असं करत करत त्यांची संख्या वाढवली. पण काम संपलं असं नाही, २०१४ मध्ये केस्ट्रेल परत नामशेष होण्याचा धोका जास्त असलेल्यांच्या वर्गात टाकावा लागला. केस्ट्रेल या बेटावर नाही दिसत, त्यासाठी जवळच फर्नी व्हॅली आहे तिथे जा, ते जंगलही सुंदर आहे.

कासवांबद्दल लिहायलाच हवं. मॉरिशसची मूळ महाकाय कासवं कधीच संपली, खलाशांनी जहाजं भरभरून खाल्ली. ती गेल्यावर एबनीची मोठी फळं गिळून बिया लांब नेणारं कुणी उरलंच नाही, फळं झाडाखालीच पडून राहायची. मग २००० सालापासून इथे सेशेल्सच्या अल्डाब्रा बेटांची महाकाय कासवं आणून सोडली, त्यांनी फळं खायला सुरुवात केली आणि त्यांच्या शेणातून एबनीची रोपं उगवायला लागली, तीही आईच्या झाडापासून दूर आणि जास्त चांगली. मला हे ऐकून इतका आनंद झाला. आणखी एक, इथल्या बऱ्याच झाडांची लहानपणीची पानं वेगळी असतात, अरुंद, लालसर, आणि उंच झाल्यावर नेहमीची हिरवी रुंद पानं येतात. कासवाची मान पोचते तिथवर झाड स्वतःला वेगळं दाखवत असावं असं म्हणतात. कासवं गेली तरी झाडं अजून त्यांना धरून वाढतायत. दुसऱ्या एका पार्कमध्ये आम्ही कासवांच्या पाठीवर मुलांना बसवून फोटो काढताना बघितलं, ते अजिबात आवडलं नाही. इथे कासव वाटेत आलं तर तुम्ही थांबायचं, ते जाईपर्यंत.

वाटेवर नामशेष झालेल्या प्राण्यांचे ब्राँझचे पुतळे आहेत, डोडोचाही. तिथे फोटो काढणारे खूप, पण नर्सरी चुकवू नका. रोपं तिथेच वाढवतात. २०२० च्या जुलैमध्ये वाकाशियो जहाज इथून जवळच प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये साधारण १००० टन तेल सांडलं, ते या बेटापर्यंत आलं. तेव्हा नर्सरीतली हजारो रोपं आणि काही पक्षी घाईघाईने मुख्य बेटावर हलवावे लागले आणि मॉरिशसचे साधे लोक उसाचं पाचट कापडात भरून तेल अडवायला तरंगते बांध बनवत होते. आमचे टॅक्सीवाले काका तेव्हा हेच करत होते. मूळ मराठी घरातले, खापरपणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आलेले, घरी गणपती बसतो, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते हे फार अभिमानाने सांगतात. काका म्हणाले, आमच्या लोकांनी घाम गाळला तो उसात, पण पोरांना हे जंगल दाखवायला मीच नेतो.

ज्यांच्या दारात बॉटल पाम आहे त्यांच्यासाठी, तो मूळचा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, रानात मोजकेच उरले होते आणि आपल्याकडे नर्सरीत सर्रास मिळतो (आपल्याकडे रॉयल पामलाही बॉटल पाम म्हणून विकतात, तो वेगळा). त्याच्याच जातकुळीतला एक पाम क्युरपिपच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आहे, जगात फक्त तेवढा एकच, त्याचं नर आणि मादी फूल वेगवेगळ्या वेळी येतं म्हणून स्वतःच स्वतःला फळ धरणं अवघड जातं. क्युरपिपला गेलात तर नक्की बघा.

प्रॅक्टिकल गोष्टी. सकाळची फेरी घ्या, दुपारी ऊन आणि दमट हवा दोन्ही त्रास देतात, डास आहेत. वाट खडबडीत आहे, टोकदार प्रवाळ आहे, चपला नकोत, बूटच घाला. आईला सत्तरीत जमलं पण गुडघे दुखत असतील तर विचार करा. बीच नाही, पोहायचं नाही, खायला काही मिळत नाही, पाणी बरोबर न्या. गाइड इंग्रजी, फ्रेंच, क्रिओल बोलतात, प्रश्न विचारले तर मनापासून उत्तर देतात. परदेशी लोकांसाठी तिकीट रहिवाशांपेक्षा महाग आहे आणि रुपयांत बदलल्यावर जरा जास्त वाटेल, पण तो पैसा याच कामाला जातो, त्यामुळे मला एकही पैसा जड गेला नाही. आधी बुकिंग करा, ग्रुप लहान असतात. आणि जमलं तर हे पहिल्या एक-दोन दिवसांतच करा, म्हणजे पुढची सगळी ट्रिप तुम्ही कुठला पक्षी, कुठलं झाड इथलं आणि कुठलं बाहेरून आलेलं हे ओळखत फिराल.