विरोध, रसग्रहण की बांधणी? ख्रिस्ती दृष्टीने संस्कृतीवर लिहू पाहणाऱ्यांसाठी

सिनेमा, कादंबरी, जाहिराती, प्रचाराची भाषणं, फॅशन यांवर ख्रिस्ती माणूस म्हणून लिहायचं ठरवलं की विषयांना तोटा नसतो. अडतं ते भूमिकेपाशी. समोरच्या गोष्टीला विरोध करायचा, तिच्यातलं चांगलं वेचायचं, की स्वतःचं वेगळं काही उभं करायचं? हे पक्कं नसलं की एकाच लेखात तिन्ही सूर लागतात आणि वाचकाला काही कळेनासं होतं. एच. रिचर्ड नीबर या अमेरिकन धर्मशास्त्रज्ञाने १९५१ साली ख्रिस्त आणि संस्कृती यांच्या नात्याचे पाच प्रकार मांडले होते. अभ्यासाला ते पाचही हवेत, पण लिहायला बसणाऱ्याला तीन पुरतात.

विरोधाच्या वाटेचा मूळपुरुष म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा प्राचीन ख्रिस्ती लेखक टर्टुलियन. ‘अथेन्सचा यरुशलेमशी संबंध काय?’, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचा ख्रिस्ती श्रद्धेशी संबंध काय, हा सवाल त्याचाच. रोमन खेळांवर त्याने एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. नाटकं, रथांच्या शर्यती, आखाड्यातल्या झुंजी, यांतल्या कशाकडेही ख्रिस्ती माणसाने फिरकू नये, हे तिचं म्हणणं. याला सोवळेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या खेळांची सुरुवात देवतांच्या मिरवणुकीने व्हायची आणि आखाड्यात माणसं मारली जायची. २०३ साली त्याच कार्थेजमध्ये पर्पेतुआ आणि फेलिसिती या दोन तरुण ख्रिस्ती आयांना जनावरांपुढे सोडलं गेलं. अशा करमणुकीबद्दल ‘यातलं चांगलं तेवढं घ्या’ असं लिहिणं निर्लज्जपणाचं ठरलं असतं. आजही जुगार, अश्लील चित्रफिती, द्वेषाचा धंदा अशा विषयांवर ठाम ‘नाही’च लिहावं लागतं, तिथे मोघम लिहून भागत नाही.

या वाटेवरचा धोका त्याच पुस्तिकेच्या शेवटी आहे. टर्टुलियन अंतिम न्यायाच्या दिवसाचं वर्णन करतो आणि तेव्हा राजे, तत्त्वज्ञ, नट आगीत होरपळताना बघायला किती मजा येईल, याची चवीने वाट बघतो. खेळ सोडा म्हणणाऱ्यालाच त्याहून मोठ्या खेळाची भूक! विरोधाचे लेख लिहिणाऱ्याने हे पान अधूनमधून वाचावं. रागाच्या लेखाला वाचक लवकर मिळतात आणि लेखकाला चटक लागते ती त्यामुळेच.

दोनेक शतकांनी उत्तर आफ्रिकेतल्याच ऑगस्टीन या बिशपने ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे आखाड्यातल्या लढवय्यांच्या, झुंजींबद्दल लिहिलं, पण वेगळ्या तऱ्हेने. ही दुसरी, रसग्रहणाची वाट. त्याचा मित्र अलिपियस याला रोममध्ये सोबत्यांनी ओढून आखाड्यात नेलं. ‘माझं शरीर न्याल, डोळे आणि मन नेता येणार नाही’ असं बजावून तो डोळे मिटून बसला. तेवढ्यात कुणी लढवय्या पडला, प्रेक्षकांनी एकच गलका केला, आणि कुतूहलाने त्याने डोळे उघडले. मग मिटलेच नाहीत. पुढे तो स्वतःच इतरांना तिथे घेऊन जाऊ लागला. ‘जाऊ नका’ असं ऑगस्टीनला वेगळं सांगावं लागत नाही. आपणही तिथे डोळे उघडले असते, हे वाचणाऱ्याला आपोआप उमगतं.

हा फरक आजच्या लेखनात कसा दिसतो? समजा, सूडावरचा चित्रपट आहे. एक लेख म्हणेल: ‘यात रक्तपात फार आहे, शिव्या आहेत. सूड घेणं देवाचं काम आहे, असं शास्त्र सांगतं. ख्रिस्ती कुटुंबांनी टाळावा.’ दुसरा म्हणेल: ‘खुन्याला मारून नायक घरी येतो आणि नळाखाली हात धरतो. पाणी केव्हाच स्वच्छ वाहतंय, तरी तो हात काढत नाही. दोन तास ज्या क्षणाची वाट बघायला लावली, त्या क्षणाने त्याला काहीच दिलेलं नाही.’ पहिला लेख चित्रपट न बघताही लिहिता येतो, आणि तसे लिहिलेले लेख मी पुष्कळ वाचले आहेत. दुसऱ्यात रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं वचन शेवटी आणा किंवा आणू नका, ते आधीच मनात उमटलेलं असतं.

ही वाटही निर्धोक नाही. इस्राएल लोकांनी मिसरातून (इजिप्तमधून) सोनं-चांदी आणली तसं इतरांच्या ज्ञानातलं सत्य आपण उचलावं, ही ऑगस्टीनची मांडणी. पण बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात लोकांच्या कानांतल्या सोन्याची वासराची मूर्ती झाली आणि ३५व्यात निवासमंडपासाठी, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी, सोनं आलं. रसग्रहण करणारे लेखक हे सोयीस्करपणे विसरतात. कुणी हात पसरून मेला की त्यांना त्यात ख्रिस्त दिसतो, आणि ‘हे वाईट आहे’ हे तीन शब्द वर्षानुवर्षं त्यांच्या लेखणीतून उतरत नाहीत.

तिसऱ्या, बांधणीच्या वाटेवर मी थोडक्यात आटोपतो, कारण ती एकट्याने चालायची नाही. अब्राहम काइपर या डच पाळकाने १८७२ मध्ये दैनिक काढलं, १८८० मध्ये ॲम्स्टरडॅमला विद्यापीठ उभं केलं, १९०१ मध्ये तो पंतप्रधान झाला. मानवी जीवनातली इंचभर जागाही ख्रिस्ताच्या हक्काबाहेर नाही, हा त्याचा आग्रह. म्हणजे शेती, कायदा, शिक्षण, कला यांवर ख्रिस्ती विचार मांडा. उत्तम! पण मग त्या विषयाची जाण हवी. अर्थशास्त्र न वाचता ‘ख्रिस्ती अर्थनीती’ लिहिणारा देवाच्या नावाला कमीपणा आणतो. शिक्षक, वकील, परिचारिका, सुतार यांनी आपापल्या कामाबद्दल जरूर याच वाटेने लिहावं.

मग निवडायचं काय? प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ बघा. अथेन्समधल्या मूर्ती पाहून प्रेषित पौलाच्या मनाचा संताप होतो. तरी अरीयपगात, म्हणजे तिथल्या सभेपुढे, उभा राहिल्यावर तो सुरुवात करतो ‘अज्ञात देवाला’ असं लिहिलेल्या त्यांच्याच वेदीपासून, आणि दाखला देतो त्यांच्याच कवींचा. शेवटी मात्र पश्चात्ताप आणि न्याय यांची भाषा तो टाळत नाही. माझा कौल याच क्रमाला, म्हणजे नवख्या लेखकासाठी ऑगस्टीनच्या वाटेला आहे. आधी बघायला शिका. ज्याला एखादी गोष्ट लोकांना का आवडते हे सांगता येतं, त्याच्या विरोधाला पुढे वजन येतं. उलट क्रमाने गेलेल्यांना रसग्रहणाकडे वळणं जड जातं.

अपवाद एकच. वाचक फक्त तुमच्या मंडळीतले असतील आणि त्यांची मुलं एखाद्या गोष्टीत खरोखर अडकत असतील, तर टर्टुलियनसारखं सरळ लिहा. तिथे रसग्रहण म्हणजे वेळकाढूपणा. बाकी वेळी छापण्याआधी मसुदा दोघांना दाखवा: त्या कलाकृतीच्या एखाद्या चाहत्याला आणि तुमच्या पाळकांना. चाहता म्हणाला, ‘हा तो चित्रपटच नाही’, तर पुन्हा बघून लिहा. पाळकांनी विचारलं, ‘यात तुझं स्वतःचं मत कुठे आहे?’, तर शेवटचे दोन परिच्छेद बदला.