नागपूर ते पुरी, नऊ दिवस: प्रवास आखून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

जानेवारीत आई, धाकटी बहीण आणि मी असे तिघे नागपूरहून मोटारीने सिरपूर, भुवनेश्वर, कोणार्क आणि पुरी करून नऊ दिवसांनी परत आलो. प्रवासाची आखणी, मुक्कामांचे आरक्षण आणि चालकासह मोटार हे सर्व नागपूरच्या धंतोली भागातील एका लहानशा कार्यालयाने करून दिले. 'जगन्नाथपुरी' म्हटले की भुवनेश्वर, कोणार्क आणि पुरी एकाच दिवसात उरकणारा ठरलेला कार्यक्रम हाती ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे; या कार्यालयाने तसे केले नाही, आणि म्हणूनच त्यांचे काम कोठे जमले व कोठे फसले हे सविस्तर लिहावेसे वाटले.

पहिल्या भेटीत त्यांनी भाड्याचा विषय काढण्यापूर्वी आईचे वय, तिच्या गुडघ्यांचा त्रास आणि आम्ही पहाटे किती वाजता निघू शकतो हे विचारून घेतले. चार दिवसांनी जे टिपण हाती आले त्यात अंतरांपेक्षा वेळांना महत्त्व होते: कोणते देऊळ सकाळी पाहायचे, कोणते दुपारी, कोठे किती पायऱ्या आहेत आणि कोणत्या वारी काय बंद असते. कोणार्कचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, एवढ्या एका कारणासाठी त्यांनी आमचे प्रस्थान एक दिवस अलीकडे घेतले.

पहिला मुक्काम सिरपूरला होता. पहाटे पाचला निघून भंडारा, साकोली, देवरीमार्गे रायपूर गाठले आणि आरंगच्या पुढे महामार्ग सोडून महानदीकाठच्या या गावात आम्ही दुपारी पोहोचलो. मी एकटा आखणी करत असतो तर संबलपूर गाठण्याच्या घाईत सिरपूर वगळलेच असते, हे प्रामाणिकपणे सांगतो. येथील लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले असून पांडुवंशी राजा हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ त्याची राणी वासटा हिने, मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन राज्य करीत असताना, बांधविले. देऊळ विष्णूचे आहे आणि दाराची दगडी चौकट सोडली तर जवळजवळ सगळे विटांचे. जवळ जाऊन पाहिले म्हणजे विटांवरची घडाई लक्षात येते: बंद खिडक्यांचे आकार, चैत्यकमानी आणि वेलबुट्टी हे सारे भाजलेल्या विटेत इतक्या बारकाईने कोरलेले आहे की सांधा कोठे आहे हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. दारावरच्या पट्टीत शेषशायी विष्णू आहे. कलत्या उन्हात विटांचा रंग तांबूस होत गेला आणि आई जोत्याजवळच्या सावलीत तासभर शांत बसून राहिली. लहानपणापासून रामटेकला वाकाटकांची देवळे पाहिलेल्या माणसाला त्यानंतरच्या काळातले हे बांधकाम पाहताना विलक्षण आनंद होतो.

दुसरा दिवस सरायपाली, बरगडमार्गे संबलपूर आणि संध्याकाळी महानदीच्या काठावरचे हुमा येथील कललेले शिवमंदिर, असा आरामात गेला. तिसऱ्या दिवशी मात्र आखणी कोलमडली. संबलपूर ते भुवनेश्वर या सुमारे तीनशे किलोमीटरसाठी टिपणात साडेपाच तास धरले होते. अंगुळच्या अलीकडे-पलीकडे ठिकठिकाणी रस्त्याचे काम चालू असल्याने आम्हाला साडेआठ तास लागले आणि राजाराणी मंदिर त्या दिवशी पाहायचे राहून गेले. रस्त्याची ताजी स्थिती आदल्या दिवशी त्या मार्गावरच्या एखाद्या चालकाला फोन करून कळली असती. वेळेवर एवढा भर देणाऱ्या सेवेकडून ही चूक होऊ नये.

भुवनेश्वरात मुक्तेश्वर मंदिराचे तोरण आणि लिंगराज मंदिर यांच्यासाठी सकाळ ठेवली होती, आणि दुपारनंतर हिरापूरचे चौसष्ट योगिनी मंदिर. हिरापूरला फारसे कोणी थांबत नाही, आणि ते खरोखर चुकवू नये असे ठिकाण आहे. वर छत नसलेले, माणसाच्या उंचीपेक्षा फार उंच नसलेले ते वर्तुळाकार आवार इतके लहान आहे की मध्यभागी उभे राहिले तर भिंतीतल्या कोनाड्यांतल्या काळ्या दगडाच्या सगळ्या योगिनी चहूबाजूंनी आपल्याकडे पाहत आहेत असे वाटते. दार बुटके असल्याने आईला वाकून आत जावे लागले. हेही टिपणात आधीच लिहिलेले होते.

या सेवेला सर्वांत मोठे श्रेय द्यावे लागेल ते कोणार्कच्या आखणीसाठी. पुरीत उतरून कोणार्क दुपारी पाहण्याऐवजी त्यांनी आम्हाला कोणार्कलाच रात्री राहायला लावले. परिणामी तिथल्या चंद्रभागा नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर सूर्योदय पाहून आम्ही थेट देवळात गेलो, तेव्हा पुरीहून येणाऱ्या बसगाड्या अजून पोहोचायच्या होत्या. गंग घराण्यातील पहिल्या नरसिंहदेवाने तेराव्या शतकात उभारलेल्या या सूर्यरथाचे तोंड पूर्वेकडे आहे, त्यामुळे सकाळचे ऊन नाटमंदिरावर, म्हणजे पुढच्या नृत्यमंडपावर, आणि घोड्यांवर समोरून पडते. चोवीस चाकांपैकी एकापाशी वाटाड्याने आसावर बोट धरले, त्याची सावली चाकाच्या धावेवर कोठे पडते ते दाखवले आणि वेळ सांगितली. आईने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मान डोलावली.

येथेच टिपणातली एक नोंद आम्हा नागपूरकरांसाठी मोलाची ठरली. कोणार्कच्या देवळापुढचा अरुणस्तंभ अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात पुरीला नेऊन जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर उभारण्यात आला. १७५१ पासून १८०३ मध्ये इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहापर्यंत ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. दुसऱ्या दिवशी पुरीत त्या सोळा बाजूंच्या उंच स्तंभापुढे उभे राहिल्यावर, नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांच्या सावलीत वाढलेल्या आईने त्याला हात जोडले.

पुरीतला मुक्काम मात्र निवडताना गफलत झाली. लॉज समुद्राजवळ आणि स्वच्छ होते. पण मोटार दारापर्यंत जात नव्हती आणि सामानासह आईला अरुंद गल्लीतून बरेच अंतर चालावे लागले. गुडघ्यांची चौकशी पहिल्याच भेटीत करणाऱ्यांनी हे पाहायला हवे होते. मंदिरात मोबाइल आणि चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत, म्हणून त्या लॉजवरच ठेवून जाण्याची सूचना उपयोगी पडली. समुद्रात ओढ जोरदार असते. टोकदार टोप्या घातलेले नुलिया, म्हणजे तिथले जीवरक्षक कोळी, सांगतील त्याच जागी पाण्यात उतरावे. सातपाड्याहून चिलिका सरोवरात डॉल्फिन पाहायला अर्धा दिवस पुरला.

पैशांबाबत एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. भाडे दररोज किमान ३०० किलोमीटर धरून आकारले जाते, म्हणजे नऊ दिवसांचे २७०० होतात. आमची मोटार प्रत्यक्षात सुमारे २१०० किलोमीटर धावली. पुरी-कोणार्कात ती जवळजवळ उभीच होती, तरी ते दिवस बिलात येतातच. टोल, पार्किंग आणि चालकाचा रात्रीचा भत्ता वेगळा. कार्यालयाने हे सर्व कागदावर लिहून दिले होते आणि बिल त्याबाहेर एक रुपयाही गेले नाही. मोटारीला अखिल भारतीय पर्यटक परवाना होता व पाटी पिवळी होती, त्यामुळे छत्तीसगड आणि ओडिशाच्या हद्दीवर कोणी अडवले नाही.

परत आल्यावर रस्त्याची आणि लॉजची तक्रार मी लेखी दिली. त्यांनी ती ऐकून घेतली, आमच्यादेखत टिपणातली वेळ साडेआठ तास केली आणि त्या लॉजच्या नावापुढे 'मोटार दारापर्यंत जात नाही' असे लिहिले. मार्चमध्ये मार्कंड्याला जायचे आहे. वैनगंगेकाठच्या त्या देवळांची आखणी मी त्यांच्याकडेच दिली आहे.