डाउनरिगरसाठी घेतलेली लाइन काउंटर रिळं, एप्रिल ते सप्टेंबर वापरून झाल्यावर

मागच्या मार्चमध्ये मासेमारीची चार रिळं घेतली. एक जोडी स्वस्तातली, ग्राफाइट बॉडीची, एक रीळ शंभर कॅनेडियन डॉलरच्या आतबाहेर, आणि दुसरी जोडी साधारण दुप्पट किमतीची. चारही लाइन काउंटरवाली, म्हणजे किती लाइन (गळाची दोरी) बाहेर गेली ते रिळावरच आकड्यात दिसतं. आता सीझन संपला, पंचवीस-तीस ट्रिपा झाल्या, तर जे कळलं ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो, कारण घ्यायच्या आधी मी मराठीत शोधलं होतं आणि काहीच सापडलं नव्हतं. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. दुकानात ओकुमा, डायवा, शिमानो, पेन सगळ्यांची लाइन काउंटर रिळं असतात आणि मॉडेलं बदलत राहतात, काय बघायचं ते कळलं की झालं.

आम्ही मिसिसागाला राहतो, पोर्ट क्रेडिटवरून लेक ऑन्टारियोत उतरतो. बोट मित्राची, १८ फुटी अॅल्युमिनियमची, मागे दोन डाउनरिगर. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी, डाउनरिगर म्हणजे बोटीच्या मागे छोट्या क्रेनसारखा दांडा, त्यावरून स्टीलची वायर, वायरला १०-१२ पौंडाचा गोळा. गोळ्याच्या जरा वर एक क्लिप असते, तिच्यात आपली लाइन अडकवायची, गोळा हवा तेवढा खाली सोडायचा आणि ताशी दोन-अडीच मैलाने बोट चालवत राहायची. मासा लागला की क्लिप सुटते आणि मग तुम्ही आणि मासा, मध्ये वजन काही नाही.

हा सगळा खटाटोप कशाला, तर उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि चिनूक सॅमन थंड थरात जातो, त्याला साधारण १० ते १३ डिग्रीचं पाणी आवडतं. तो थर जुलै-ऑगस्टमध्ये कधी ५० फुटावर, कधी १०० फुटाच्या खाली. पश्चिमेचा वारा दोन दिवस जोरात वाहिला की आमच्या उत्तर किनाऱ्याचं गरम पाणी आत ढकललं जातं आणि थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं, पूर्वेचा वाहिला की बरोबर उलटं. म्हणजे शनिवारी जिथे मासे होते तिथे मंगळवारी नसतात, आणि खोली नेमकी सांभाळता आली नाही तर दिवसभर नुसतं डिझेल जाळल्यासारखं होतं.

ऑन्टारियोत ग्रेट लेक्सवर बोटीतून माणशी दोन गळ चालतात, आम्ही दोघं, म्हणजे चार रॉड. दोन डाउनरिगरवर, दोन डिप्सी डायव्हरवर. डिप्सी म्हणजे थाळीसारखा प्लास्टिकचा तुकडा, तो पाण्याच्या जोराने स्वतःच खाली आणि बाजूला जातो. दुकानातल्या माणसाने सांगितलं, डाउनरिगरला कुठलंही रीळ चालतं, खोली तर गोळा ठरवतो, पैसे डिप्सीच्या रिळावर घाल. ऐकायला पटलं. म्हणून स्वस्त जोडी डाउनरिगरवर आणि महाग जोडी डिप्सीवर लावली. अर्धं बरोबर निघालं, अर्धं चुकलं.

आधी काउंटरचं सांगतो. बहुतेक लोकांना वाटतं काउंटर फूट मोजतो. तो फूट मोजत नाही, तो स्पूलचे (लाइन गुंडाळलेल्या चाकाचे) फेरे मोजतो आणि स्पूल काठोकाठ भरलेलं आहे असं धरून फुटात दाखवतो. स्पूल भरलेलं असताना व्यास समजा ६० मिलिमीटर, तर एका फेऱ्याला जवळपास १९ सेंटिमीटर लाइन जाते. तेच स्पूल रिकामं होत होत ४५ मिलिमीटरवर आलं की एका फेऱ्याला १४ च जाते, आकडा मात्र तोच. म्हणजे काउंटर १०० म्हणतोय आणि पाण्यात गेलेत ७५ फूट.

जूनमध्ये आमचा हा घोटाळा झाला. डिप्सीची दोन्ही रिळं तंतोतंत सारखी, दोन्हीवर एकच ब्रेड (विणलेली लाइन), दोन्ही १८० वर, आणि तीन ट्रिपा उजव्या बाजूलाच मासे. आम्ही स्पून (चमच्यासारखं पत्र्याचं आमिष) बदलले, रंग बदलले, बाजू बदलली, लीडर (आमिषाआधीचा लाइनचा तुकडा) नवीन बांधला. शेवटी आठवलं की मे महिन्यात डाव्या रिळाची लाइन तळाशी अडकून बरीच तुटली होती आणि आम्ही परत भरलीच नव्हती. घरी आल्यावर मुलाच्या सॉकरच्या मैदानावर १०० फुटी टेप टाकली, मुलाला लाइनचं टोक धरून पळवलं. उजवं रीळ १०० ला ९७ फूट देत होतं, डावं ८२. डिप्सीची सेटिंग, बोटीचा वेग आणि लाइन सारखी असली की खोली लाइन किती सुटली यावरच असते, तर १८० वर आमची डावी डिप्सी बरीच वर तरंगत होती आणि खालून मासे जात होते. त्याच संध्याकाळी खाली स्वस्त मोनोचं (साध्या नायलॉन लाइनचं) बॅकिंग, म्हणजे भर, टाकून स्पूल काठापासून तीनेक मिलिमीटरपर्यंत भरलं, पुढच्या रविवारी डावीकडे दोन लागले.

यावरून मी दोन गोष्टींवर ठाम आहे. रीळ एकटं घ्यायचं नाही, जोडीनेच घ्यायचं, तेच मॉडेल, तोच साइज. आणि दोन्हींवर एकाच ब्रँडची, एकाच जाडीची, सारख्याच लांबीची लाइन एकाच दिवशी भरायची. आकडा चार-पाच फुटाने चुकला तर काही बिघडत नाही, दोघांचा सारखाच चुकला पाहिजे, म्हणजे एकावर मासा लागला की दुसरं तिथेच नेता येतं.

डाउनरिगरवर मात्र काउंटरचं काम कमी. गोळा किती खाली गेला ते डाउनरिगरच सांगतो, रिळाच्या काउंटरवर फक्त क्लिपच्या मागे लूअर (खोटं आमिष) किती सोडलाय ते बघायचं, फ्लॅशर-फ्लाय (चमकणारी पट्टी आणि तिच्यामागे झुपकेदार आमिष) असेल तर १५-२० फूट, एप्रिल-मेमध्ये उथळ स्वच्छ पाण्यात कोहो (सॅमनचीच दुसरी जात) आणि ब्राउन ट्राउटसाठी ६०-७०. तिथे पाच फूट इकडेतिकडे झाले तरी चालतं. तिथे लागतो तो ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन अडवत अडवत सोडणारा रिळाचा ब्रेक, आणि हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

बघा, डाउनरिगरवर रॉड पूर्ण कमानीसारखा वाकवून ठेवतात. क्लिप सुटली की तो ताडकन सरळ होतो, लाइन ढिली पडते, तुम्ही जीव खाऊन गुंडाळता, आणि ढिल संपते त्याच क्षणाला वीस पौंडाचा मासा उलट्या दिशेने निघालेला असतो. त्या एका क्षणाला ड्रॅग हळूच सुटायला लागला पाहिजे. स्वस्त जोडीत तो आधी अडायचा आणि मग झटक्याने सुटायचा. जुलैत दोन मोठे मासे असे गेले, दोन्ही वेळा २० पौंडी मोनो पहिल्या दहा सेकंदात तुटली, आणि गाठ शाबूत होती, म्हणजे बांधण्यात चूक नव्हती. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरात कमाल ड्रॅग २० पौंड वगैरे छापलेलं. त्या आकड्याकडे अजिबात बघू नका. २० पौंडी लाइनवर ड्रॅग पाच पौंडाच्या आसपास लावायचा असतो, पाव ते तिसरा हिस्सा. त्या पाच पौंडावर तो किती एकसारखा सुटतो एवढंच बघायचं. आम्ही इंडियाला जाताना बॅगा तोलायचा जो काटा असतो तोच वापरला, लाइनला अडकवून हळूहळू ओढायचं. चांगल्या जोडीत काटा २.३ किलोला आला की लाइन सुरू, आणि तिथेच टिकून राहतो. स्वस्त जोडीत ३.५ पर्यंत चढायचा आणि मग एकदम दोनवर पडायचा. दुकानात काटा नेऊ दिला नाही तरी हाताने ओढून हे कळतं, फक्त ड्रॅग कमी ठेवून ओढा, सगळे घट्ट करून ओढून बघतात.

म्हणून जुलैच्या शेवटी जोड्यांची अदलाबदल केली, महाग रिळं डाउनरिगरवर आणली.

ऑगस्टमध्ये बाबा आले होते रेवदंड्याहून. त्यांचं पण लायसन्स काढलं, इथल्या ६५ च्या वरच्या लोकांना लागत नाही पण पाहुण्यांना लागतं, हे ज्यांचे आईवडील येणार असतील त्यांनी लक्षात ठेवा. बाबांनी आयुष्यभर हातगळ टाकलाय, रॉड कधी धरला नव्हता, आणि मोनोला ते अजून तंगूसच म्हणतात. पहाटे साडेपाचला डावा रॉड सुटला. मी ओरडलो, बाबा गुंडाळा, गुंडाळा, आणि त्यांनी गुंडाळलं, मग वजन लागलं आणि क्लिकर (लाइन ओढली गेली की वाजणारी खटकी) किंचाळायला लागला. काउंटर २२ वरून शंभर, दोनशे, ३४० पर्यंत गेला. बाबांनी सवयीने अंगठा स्पूलवर टेकवला, हातगळात मासा बोटांनीच सोडायचा असतो ना, मी म्हटलं बाबा हात काढा, रीळ करेल. काढला. जरा वेळ काही बोलले नाहीत, नुसतं बघत होते लाइन कशी जातेय. मग म्हणाले, "अरे, हे माझ्या बोटांसारखं सोडतंय." पंचवीस मिनिटांनी जाळ्यात घेतला, २२ पौंडाचा चिनूक. रिळाबद्दल याहून जास्त मला काही सांगता येणार नाही.

नंतर परत येताना त्यांनी विचारलं, समुद्रातला मासा तळ्यात कसा. मुळात पॅसिफिकचा आहे हा. मिशिगनने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक ग्रेट लेक्समध्ये सोडले, बाहेरून शिरलेला एलवाइफ नावाचा छोटा मासा बेसुमार वाढला होता तो खायला, नंतर लेक ऑन्टारियोतही सोडले. त्या एलवाइफचे थवे जिथे तिथे चिनूक. एवढा मोठा मासा किती खावा याचं ऑन्टारियो सरकारचं गाइड आहे ते बघून एक तुकडी ठेवली, बाबांनी आगळ-तिखट लावून तव्यावर भाजली, पण चवीला मे महिन्यातला छोटा कोहो जास्त चांगला हे त्यांना फोटो दाखवूनच सांगावं लागलं.

क्लिकरकडे लोक दुर्लक्ष करतात. चार रॉड, इंजिनचा आवाज, तुम्ही पुढे कॉफी ओतताय, अशा वेळी क्लिकरच कळवतो. स्वस्त जोडीतल्या एकाचा क्लिकर ऑगस्टपर्यंत मऊ पडला, बटण आपोआप सरकायचं.

अजून एक गोष्ट जी घेताना डोक्यातच नव्हती, वॉटर फ्ली. पाण्यातले सूक्ष्म जीव आहेत, लांब काटेरी शेपटीचे, त्यातली एक जात लेक ऑन्टारियोत १९९८ मध्ये पहिल्यांदा सापडली. ऑगस्टमध्ये लाइनवर त्यांचे गोळे बसतात, अगदी भिजवलेल्या सब्जासारखे, पारदर्शक चिकट आणि आत काळे ठिपके. लाइन गुंडाळताना ते लेव्हलवाइंडच्या (लाइन स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या सरकत्या भागाच्या) खिडकीत अडकतात आणि मासा बोटीपासून चाळीस फुटावर असताना रीळ ठप्प. एकाने रॉड धरायचा आणि दुसऱ्याने नखांनी ते काढत बसायचं. लेव्हलवाइंडची खिडकी रुंद असेल तर बराच फरक पडतो, आमच्या दोन जोड्यांमध्ये तो सरळ दिसला. शिवाय ऑगस्टपुरती ३० पौंडी मोनो भरली, जाड लाइनवर त्या कमी धरतात. डाउनरिगरवर ब्रेड आम्ही एकदा लावून बघितली, क्लिपमधून घसरत राहते, परत मोनोवर आलो.

गिअर रेशोवर फार डोकं लावू नका. साधारण पाचास एक वालं (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे पाच) घ्या, फार जोरात फिरणारं घेतलं तर मोठ्या फ्लॅशरच्या ओढीत हात भरून येतो. हँडल मात्र लांब आणि मूठ मोठी हवी, एप्रिलमध्ये हातमोजे घालून फिरवायचं असतं. साइज २० किंवा ३० पुरतो, लाइन ३०० यार्ड तरी बसली पाहिजे. लेडकोअर (आत शिसं असलेली लाइन) टाकणार असाल तर ती जाड असते, त्याला ४५ चा साइज लागतो, तो वेगळा विषय. डावखुऱ्यांना डाव्या हँडलची मॉडेलं कमी मिळतात, मागवून घ्यावी लागतात.

तक्रारी पण सांगतो. स्वस्त जोडीतल्या एका रिळाच्या काउंटरच्या काचेत जूनमध्येच वाफ धरली, पहाटे आकडा दिसेना, नंतर दहाचा आकडा मध्येच अडकायला लागला. वॉरंटीत दिलं, सहा आठवडे गेले, भर सीझनमधले. परत आलं ते नीट चाललंय. महाग जोडीचं काउंटर अजून स्वच्छ आहे, फक्त ती जड आहेत, रॉड होल्डरमध्ये फरक नाही पण हातात धरून अर्धा तास मासा खेळवला की मनगटाला कळतं.

स्वस्त जोडी मी टाकून दिली नाही. आतले ड्रॅगचे वॉशर काढून कार्बन फायबरचे बसवले, त्यावर ड्रॅग ग्रीसचा पातळ हात, सगळा खर्च वीस-पंचवीस डॉलर आणि एक संध्याकाळ. स्क्रू काढताना प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढा, स्प्रिंग उडते. बॅगेच्या काट्यावर आता ती २.५ ला सुटतात आणि झटका गेलाय. सप्टेंबरमध्ये मासे क्रेडिट नदीच्या तोंडाशी गोळा झाले तेव्हा तीच परत डाउनरिगरवर लावली आणि महाग जोडी डिप्सीवर गेली, सात मासे झाले, एकही लाइन तुटली नाही.

आता चारही रिळं बेसमेंटमध्ये आहेत. लेव्हलवाइंडचा स्क्रू जुन्या टूथब्रशने साफ करून तेलाचा एक थेंब, आणि ड्रॅग पूर्ण सैल, घट्ट ठेवले तर वॉशर दबून बसतात. मार्चमध्ये सगळी मोनो काढून नवीन भरणार, मुलाला परत मैदानावर पळवणार, आणि बाबा पुन्हा येतायत, जुलैमध्ये.