साडेअकरा इंची इनफिल्ड ग्लोव्ह: काळ्या मातीवरचा एक हंगाम

दर्यापूर तालुक्यातील आमच्या शाळेच्या बेसबॉल संघासाठी गेल्या दिवाळीनंतर ऑनलाइन मागविलेल्या साडेअकरा इंची इनफिल्ड ग्लोव्हचे, म्हणजे बेसजवळ उभ्या राहणाऱ्या खेळाडूंच्या ग्लोव्हचे, हे परीक्षण आहे. किंमत २,३०० रुपये पडली. पुढे थोडी तक्रारही आहे आणि ती एकाच नगाच्या अनुभवावर आधारलेली आहे, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही.

आपल्याकडे साहित्य घ्यायला गेले की साडेबारा इंचांचा एकच ग्लोव्ह ‘सगळ्या जागांना चालतो’ म्हणून पुढे केला जातो. तो चालत नाही. आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या लांबच्या भागात, उंच उडालेला चेंडू निसटू नये म्हणून ग्लोव्ह लांब आणि खोल लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावणाऱ्याने गाठायच्या टप्प्यांच्या) मध्ये उभ्या राहणाऱ्या शॉर्टस्टॉपला मात्र चेंडू अडविल्याबरोबर तो बोटांना सापडून पहिल्या बेसकडे फेकता आला पाहिजे. खोल ग्लोव्हमध्ये चेंडू शोधण्यात जो क्षण जातो, तेवढ्यात धावणारा खेळाडू बेसवर पोहोचलेला असतो. या ग्लोव्हचा खळगा उथळ आहे आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

मुलांना हे पटवून देताना मी अमेरिकेतील नामवंत शॉर्टस्टॉप ओझी स्मिथ यांचे उदाहरण देतो. १९५४ साली अलाबामातील मोबील येथे जन्मलेले आणि लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत वाढलेले हे गृहस्थ लहानपणी सिमेंटच्या पायऱ्यांवर चेंडू आदळून तो परत येताना अडवीत आणि सराव होईल तसे पायऱ्यांच्या अधिकाधिक जवळ सरकत, म्हणजे सावरायला वेळ कमी मिळे. १९७८ मध्ये ते सॅन डिएगो पाद्रेसकडून मोठ्या लीगमध्ये उतरले, १९८२ च्या हंगामापासून सेंट लुईस कार्डिनल्सकडे गेले आणि त्याच वर्षी संघाने वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली. एकोणीस हंगामांत त्यांचे होम रन (एकाच फटक्यावर सर्व बेस फिरून येणे) अवघे २८. एवढ्या होम रनवर आपल्याकडच्या निवड समितीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते, हे मी अनुभवाने सांगतो. पण १९८० ते १९९२ अशी सलग तेरा वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह त्यांनाच मिळाला, शॉर्टस्टॉपच्या जागेवरून ८,३७५ असिस्टचा (कोणाला बाद करण्यात हातभार लावण्याचा) विक्रम त्यांच्या नावावर जमा झाला आणि २००२ मध्ये बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली.

त्यांचा मला सर्वांत आवडणारा प्रसंग पदार्पणाच्याच वर्षातला, एप्रिल १९७८ मधला आहे. अटलांटा संघाच्या जेफ बरोज यांनी मारलेल्या चेंडूसाठी स्मिथ डावीकडे झेपावले, चेंडूने ऐनवेळी वेडीवाकडी उसळी घेतली, तेव्हा हवेत असतानाच त्यांनी उजवा मोकळा हात मागे नेऊन तो पकडला आणि उठून बरोज यांना पहिल्या बेसवर बाद केले. आमच्या खारपाणपट्ट्यातील मैदानावर अशी उसळी म्हणजे नित्याचीच बाब आहे. डिसेंबरपासून माती टणक होत जाते, मार्चमध्ये भेगा पडतात आणि ढेकळावर पडलेला चेंडू कोणाच्या हनुवटीकडे जाईल याचा नेम नसतो. अशा मैदानावर या ग्लोव्हचे कमी वजन फार उपयोगी पडले, कारण आमच्या शॉर्टस्टॉपला अखेरच्या क्षणी मनगट वळविता येते.

नवा असताना ग्लोव्ह पत्र्यासारखा ताठ होता. मऊ करण्यासाठी खळग्यात चेंडू ठेवून रात्रभर सुतळीने बांधण्याची पद्धत बरोबर आहे, परंतु तेलाच्या बाबतीत माझी चूक झाली. घरात जवसाचे तेल होते, तेच मी भरपूर चोळले. जवसाचे तेल वाळले की घट्ट होते, हे रंगकाम करणाऱ्याला ठाऊक असते. मला ते दोन आठवड्यांनी करंगळीचा भाग पापडासारखा कडक झाल्यावर उमगले. त्यानंतर कातड्यासाठी मिळणारे मलम अगदी पातळ हाताने लावले आणि उन्हाळ्यात ग्लोव्ह टिनाच्या खोलीतून काढून माठाजवळच्या फळीवर ठेवू लागलो, तेव्हा तो हळूहळू वळणावर आला. हा दोष ग्लोव्हचा नव्हे, माझा.

दोष आहे तो चामड्याच्या वादीचा. बोटे आणि जाळी एकत्र धरणारी चामड्याची वादी चौथ्या महिन्यातच अंगठ्याजवळ तुटली. विक्रेत्याने उत्तर दिले नाही. शेवटी आठवडी बाजारात बसणाऱ्या चर्मकार काकांकडे नेला. त्यांनी तळव्याचे कातडे दोन बोटांत धरून दुमडून पाहिले आणि म्हणाले, “चामडं चांगलं आहे जी सर, दोरीच कच्ची आहे.” त्यांनी साठ रुपयांत ओवून दिलेली वादी अजून टिकून आहे. तेव्हा घेणाऱ्याने वादीचा वेगळा खर्च आधीच धरावा.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. हा ग्लोव्ह फक्त डाव्या हातात घालण्याचा, म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठीच मिळतो. आमच्या संघातील सर्वांत चपळ मुलगी डावखुरी आहे. डावखुऱ्यांना शॉर्टस्टॉपला उभे करीत नाहीत, कारण पहिल्या बेसकडे फेकताना त्यांना अंग वळवावे लागते, हे मी तिला समजावून सांगितले. पहिल्या बेसवर ती उत्तम खेळेल. त्यासाठी तिला उजव्या हातात घालायचा पहिल्या बेसचा मिट (बोटे वेगळी नसलेला ग्लोव्ह) हवा आहे आणि तो अमरावतीच्या दुकानांतही मला अद्याप मिळालेला नाही.