कॅल्शियमची गोळी: पट्टीवर न छापलेल्या गोष्टी

गेल्या दिवाळीनंतर नाशिकच्या गोळे कॉलनीतील औषधांच्या एका दुकानातून मी कॅल्शियम आणि ड३ जीवनसत्त्व एकत्र असलेल्या गोळ्या आणल्या आणि रोज दोन याप्रमाणे जवळजवळ चार महिने घेतल्या. पंधरा गोळ्यांची सोळावी पट्टी अर्धी झाली असताना त्या थांबवाव्या लागल्या, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आणि २५० युनिट ड३ हा साचा बाजारातील कितीतरी गोळ्यांचा आहे, आणि माझी तक्रार गोळीपेक्षा ती ज्या सहजतेने विकली व घेतली जाते त्याविषयी आहे. त्या सहजतेत माझाही वाटा आहे. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फिरताना गुडघे दुखतात असे बोलून दाखवले, तेव्हा सोबतच्या चौघींपैकी तिघींनी एकाच गोळीचे नाव सांगितले आणि मी डॉक्टरांकडे न जाता थेट दुकानात गेले. माझ्या वयाला, म्हणजे एकसष्टीला, होणारी गुडघेदुखी बहुधा सांध्यातील कूर्चेच्या झिजेची असते आणि कॅल्शियमने ती थांबत नाही, हे मला फार उशिरा कळले.

वस्तू म्हणून गोळी वाईट नाही. ती आकाराने मोठी आणि खडूसारखी आहे, गिळताना घशात अडकल्यासारखी वाटते, पण मधोमध रेघ असल्यामुळे सहज तुटते. पट्टीवर ठळक अक्षरांत छापलेला ५०० हा आकडाही खरा आहे, कारण कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात प्रत्यक्ष कॅल्शियम चाळीस टक्के असते. बारीक अक्षरांत हे कार्बोनेट शिंपल्यांपासून मिळवल्याची नोंद आहे. कडक शाकाहारी घरांतील कितीजणी ती वाचतात, कोण जाणे. जे छापलेले नाही ते मात्र महत्त्वाचे आहे: गोळी जेवणासोबत घ्यायची की उपाशीपोटी, दुसऱ्या कोणत्या औषधापासून दूर ठेवायची, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कोणी घेऊच नये.

दुसऱ्या आठवड्यापासून पोट फुगणे, वायू धरणे आणि बद्धकोष्ठता सुरू झाली. कार्बोनेट प्रकारच्या कॅल्शियमचा हा सर्वांत नेहमीचा त्रास आहे. त्यावर मी रात्री इसबगोल घेऊ लागले, म्हणजे एका गोळीसाठी दुसरे औषध आले. त्यातच मी अनेक वर्षे सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेते. कार्बोनेट विरघळायला पोटातील आम्ल लागते आणि ती गोळी नेमके तेच आम्ल कमी करते, तेव्हा मी घेतलेल्या कॅल्शियमपैकी अंगी किती लागले याविषयी शंकाच आहे. अशा माणसाने कार्बोनेट घ्यायचेच तर भरल्या पोटी घ्यावे, किंवा आम्लावर अवलंबून नसलेले सायट्रेट घ्यावे, इतके एक वाक्य दुकानातील तरुणाने सांगितले असते तरी पुरे होते. त्याने सांगितले ते असे: ‘‘मावशी, कॅल्शियमच आहे, त्याने काय होतंय? बिनधास्त घ्या.’’

काय होते ते फेब्रुवारीच्या रक्ततपासणीत दिसले. बारा वर्षे थायरॉईडची गोळी घेत असून माझे टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावले की रक्तात वाढणारे संप्रेरक, कायम आटोक्यात होते. ते एकाएकी दुपटीहून अधिक वाढलेले पाहून डॉक्टरांनी मात्रा वाढवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, की नवीन काही सुरू केले आहे का. मी थायरॉईडची गोळी सकाळी सहाला आणि कॅल्शियमची साडेसहाला, चहाच्या आधी, घेत होते. आतड्यात कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवते आणि ते रक्तात पुरेसे उतरत नाही, म्हणून या दोन गोळ्यांमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. चार महिने मी थायरॉईडचे औषध नियमाने गिळत होते आणि त्यातील मोठा भाग वाया घालवत होते. त्या काळातील थकवा, अंगावर आलेली सूज आणि बद्धकोष्ठता यांपैकी कॅल्शियममुळे काय झाले आणि थायरॉईड ढळल्याने काय, हे आता वेगळे करता येत नाही, कारण बद्धकोष्ठता दोन्हींमुळे होते. लोहाच्या गोळ्या, सिप्रोफ्लॉक्सासिन व डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि खुद्द हाडांच्या ठिसूळपणावर दिले जाणारे अलेंड्रोनेट यांच्या बाबतीतही कॅल्शियम असाच अडथळा आणते. हाडांसाठीच्या दोन गोळ्या एका घोटात घेऊन त्यातील महागडी निकामी करणाऱ्या स्त्रिया माझ्या ओळखीत आहेत.

डॉक्टरांनी नंतर मला कागदावर दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मांडायला लावला, आणि चार महिन्यांतील सर्वांत उपयोगी सल्ला मी तोच मानते. चहा, दूध आणि रात्रीची खीर मिळून माझ्या पोटात सुमारे ४०० मिलिलिटर गाईचे दूध जाते, त्यातून साधारण ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. दुपारी वाटीभर दही असते. आमच्याकडे सुरगाणा-पेठ भागातील नाचणी येते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, जरी ते सगळे शोषले जात नाही. तिळाची चटणी वेगळी. माझ्या वयाच्या स्त्रीची दिवसाची गरज १००० ते १२०० मिलिग्रॅम धरली जाते आणि ती ताटातूनच जवळपास भागत होती. त्यावर मी रोज आणखी १००० मिलिग्रॅम ओतत होते, म्हणजे पन्नाशीपुढच्यांसाठी अमेरिकेत ठरवलेल्या २००० मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेला टेकत होते.

माझे पाहून यजमानांनीही महिनाभर एकेक गोळी घेतली, आणि त्यांना पूर्वी दोनदा मुतखडा झालेला आहे. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण मुतखडा झालेल्याला घरोघरी आधी दूधच बंद केले जाते. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे बहुतेक मुतखड्यांत असणाऱ्या घटकाला, पकडते आणि ते शरीराबाहेर जाते, त्यामुळे पुरेसे दूध-दही खाणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण उलट कमी आढळले आहे. जेवणापासून तुटून, एकदम मोठ्या मात्रेत आलेल्या गोळीचे तसे नाही. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये ३६,२८२ स्त्रियांवर सुमारे सात वर्षे चाललेल्या चाचणीत रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व दिले गेले. २००६ साली आलेल्या निष्कर्षांत गोळ्या घेणाऱ्या गटात मुतखडे १७ टक्क्यांनी अधिक होते, आणि खुब्याच्या अस्थिभंगात झालेली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. यजमानांची गोळी डॉक्टरांनी त्याच दिवशी बंद केली.

हृदयाविषयी मी कोणाला घाबरवू इच्छित नाही. न्यूझीलंडमधील मार्क बोलँड यांच्या गटाने २०१० साली कॅल्शियमच्या गोळ्यांचा हृदयविकाराच्या झटक्याशी संबंध दाखवला होता, तर २०१६ साली अमेरिकेतील अस्थी आणि हृदय क्षेत्रांतील दोन संस्थांनी कमाल मर्यादेच्या आतील कॅल्शियमचा असा धोका दिसत नाही असे म्हटले. तज्ज्ञांतच एकमत नसताना दुकानदाराने ‘बिनधास्त’ म्हणू नये, इतकेच.

ड३ बाबत मात्र सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. या गोळीतील २५० युनिट किरकोळ आहेत, पण आठवड्याला एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी काहीजणी महिनोन्महिने तपासणीविना चालू ठेवतात आणि जोडीला या गोळ्याही घेतात. रक्तातील कॅल्शियम त्यामुळे वाढले तर तहान, वारंवार लघवी, मळमळ आणि गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसतात, जी वयाच्या खात्यावर सहज टाकली जातात.

ज्यांना अस्थिघनतेच्या तपासणीत हाडांचा ठिसूळपणा निश्चित झाला आहे, किंवा जे दीर्घकाळ स्टेरॉइड घेतात, त्यांना हे औषध लागते आणि त्यांनी माझे वाचून ते थांबवू नये. मला तपासणीचा अहवाल येईपर्यंत दुपारच्या जेवणानंतर एकच सायट्रेटची गोळी सांगितली आहे. ती पोटाला सोसते, पण महाग आहे, आणि तिच्या पट्टीवरचे ‘कॅल्शियम सायट्रेट १०००’ हे शब्द फसवे आहेत. सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम २१ टक्के, म्हणजे त्या गोळीत जेमतेम २१० मिलिग्रॅम असते. दुकानातील तोच तरुण मला ती देताना म्हणाला, की ही आधीच्या ५०० वाल्या गोळीपेक्षा दुप्पट ताकदीची आहे.