दोन फुटी टाकी, बोअरचे पाणी आणि माशांची निवड

नवी फिश टँक घेणारा माणूस दुकानात आधी माशांचे रंग पाहतो. मराठवाड्यात राहणाऱ्याने मात्र त्यापूर्वी आपल्या बादलीच्या कडेला बसलेला पांढरा क्षार पाहावा, असे माझे मत आहे. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते, मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढतो आणि अनेक गावांत नळ रोज येत नाही. त्यामुळे मासे एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्याआधी ते या पाण्याशी जुळतात का, हे पाहावे लागते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि तितक्याच उंच टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावते; वाळू-खडे घातल्यावर त्याहून कमी. एवढ्या टाकीसाठी नवख्या माणसापुढे सहसा तीन पर्याय येतात: गोल्डफिश, निऑन टेट्रा व एंजल यांची जोडी, आणि गप्पी, मॉली, प्लॅटी हे थेट पिल्ले देणारे मासे.

गोल्डफिश स्वस्त असला तरी मी त्याला आधीच बाद करतो. तो थंड पाण्याचा मासा आहे, घाण पुष्कळ करतो आणि नीट वाढला तर वीतभर होतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो; त्यात दुपारी वीज जाऊन एअर पंप थांबला, की पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकणारा गोल्डफिश पाहवत नाही.

निऑन आणि एंजल यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दोन्ही मासे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघांनाही मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. म्हणून ते एकत्र राहतील, ही दुकानदाराची समजूत वरवर पटते. माझ्याकडे त्या जोडीने काही महिने सुखाने काढलेही. मग एंजल वाढले आणि सकाळी मोजताना निऑन एकेक कमी भरू लागले. एकदा तर एंजलच्या तोंडातून निळी-लाल शेपटी बाहेर लोंबत असलेली मी स्वतः पाहिली. दोष एंजलचा नव्हता, कारण तोंडात मावेल तो मासा त्याच्या लेखी खाद्यच असतो. नुसते निऑन ठेवायचे तर पाणी मऊ करण्यासाठी आरओचे पाणी मिसळावे लागते, आणि घरगुती आरओ यंत्र शुद्ध पाण्यापेक्षा जास्त पाणी मोरीत सोडते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा शौक मला तरी परवडत नाही.

उरतात गप्पी, मॉली आणि प्लॅटी. बोअरच्या ज्या जडपणाने निऑन खंगतो, तोच यांना मानवतो, विशेषतः मॉलीला. स्वभावानेही हे मासे परस्परांना सांभाळून घेतात. अडचण आहे ती संततीची. गप्पीची मादी साधारण महिन्याला विते आणि नराचे बीज काही महिने पोटात साठवू शकते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही टाकी भरून टाकते. यावर सोपा उपाय म्हणजे गप्पींचे फक्त नर घेणे, आणि रंगही नरांचेच अधिक असतात. त्यांच्यासोबत टायगर बार्ब नको, तो लांब शेपट्या कुरतडतो. फायटरही नको, कारण झुलत्या शेपटीचा गप्पी त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. काच साफ ठेवील म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर वाढून फूटभराचा होतो, तेव्हा तोही नको.

एक सावधगिरी मात्र जड पाण्यात जास्तच घ्यावी लागते. अशा पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) बहुधा ७ च्या वर असतो, आणि सामू व तापमान वाढले की माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया अधिक विषारी ठरतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून पहिल्या महिन्यात तीन-चार माशांवरच थांबावे. उन्हाळ्यात पाणी उडून जाते पण क्षार मागेच राहतात. नुसती वरून भर घालत राहिल्यास टाकीतले पाणी बोअरपेक्षाही जड होते, यास्तव दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी काढून मगच नवे घालावे. नळाचे पाणी असेल तर ते क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघड्या टोपात ठेवावे; काढलेले पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना चालते.

माझ्या हिशेबाने या टाकीत सहा नर गप्पी आणि चार प्लॅटी पुरेत, आणि ते जून उलटून पाणी निवल्यावरच आणावेत.