श्रॉपशरमध्ये कॉटेज घ्यायचं तर लडलोला की आयर्नब्रिजला?

श्रॉपशर म्हणजे इंग्लंडचा पश्चिमेकडचा, वेल्सला चिकटलेला परगणा. शेतं, मेंढ्या, किल्ले आणि पर्यटकांच्या आवडत्या कॉट्सवोल्ड्स भागाच्या मानाने कमी गर्दी. इथे आठवडाभर कॉटेज घ्यायचं ठरलं की बहुतेकांची गाडी दोन नावांवर अडते: लडलो आणि आयर्नब्रिज. दोन्ही ठिकाणांत रस्त्याने साधारण चाळीस किलोमीटरचं अंतर. आम्ही दोन वेगवेगळ्या उन्हाळ्यांत दोन्हीकडे राहिलो. एकदा पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन, एकदा मुलं आणि भाचरं घेऊन. माझं मत त्यामुळेच दुभंगलेलं आहे.

आई-बाबा बरोबर असतील तर लडलो, आणि तेही गावातच. टेकडीवर किल्ला, त्याच्या दारातच बाजाराचा चौक, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार बाजार. आईला रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडता आलं, एवढ्यावरच ती खूश. किल्ला नॉर्मन काळातला. सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर 1502 मध्ये इथेच वारला. त्याची विधवा कॅथरीन पुढे धाकट्या भावाची, म्हणजे आठव्या हेन्रीची राणी झाली, आणि तिच्याशी काडीमोड घेण्याच्या भानगडीत इंग्लंडचं चर्च रोमपासून तुटलं. बाबा त्या भिंतींपाशी तासभर रेंगाळले.

लडलोची खरी कमाई म्हणजे रेल्वे स्टेशन. लंडनहून थेट गाडी नाही, एकदा तरी बदलावी लागते. पण एकदा पोचलात की कारशिवाय निभतं. पुढच्याच क्रेव्हन आर्म्स स्टेशनवर उतरून थोडं चाललं की स्टोकसे कॅसल. नाव किल्ल्याचं असलं तरी तो लोकरीच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला तटबंदीचा वाडा आहे. त्यापुढचं स्टेशन चर्च स्ट्रेटन. तिथून लाँग मिंडच्या डोंगरावर पायवाटा जातात. माथा 516 मीटर, म्हणजे सिंहगड चढणाऱ्याला किरकोळ, पण वारा मात्र ऑगस्टमध्येही कानटोपी मागतो.

त्याच गाडीने अर्ध्या तासात श्रूजबरी. डार्विनचं हे जन्मगाव (1809). चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा आहे. तोही याच परगण्यातला, जन्म 1725. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रजांत जमिनीवरच्या फौजेचा म्होरक्या हाच. विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला त्या पुतळ्यासमोर चमचमीत काही सुचत नाही. बाबा नुसते "हं" म्हणाले.

मुलं आठ ते चौदा वर्षांची असतील तर मात्र आयर्नब्रिजला तोड नाही. सेव्हर्न नदीवरचा तो लोखंडी पूल 1779 मध्ये उभा राहिला, 1781 मध्ये वाहतुकीला खुला झाला. आता त्यावरून फक्त पायी जाता येतं. ओतीव लोखंडाचा एवढा मोठा पूल आधी कुणी बांधलाच नव्हता, म्हणून सांधे सुतारकामातले: खाचा पाडून, पाचर मारून बसवलेले. खालून मान वर करून बघितलं की ते दिसतात. जवळच कोलब्रुकडेल, तिथे अब्राहम डार्बीने 1709 मध्ये लोणारी कोळशाऐवजी कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) वापरून लोखंड गाळलं. ब्लिस्ट्स हिलच्या खुल्या संग्रहालयात व्हिक्टोरियन काळातलं गाव उभं केलंय. बँकेत आजचे पौंड देऊन जुन्या घडणीची नाणी घ्यायची आणि दुकानात ती खर्चायची. आमची पोरं तिथून हलेनात. एक लक्षात असू द्या: या भागातल्या जुन्या पद्धतीच्या दुकानांत चिप्स (बटाट्याच्या जाड फोडी) कधीकधी गोमांसाच्या चरबीत तळतात. चालत नसेल तर आधी विचारा.

आयर्नब्रिजची अडचण म्हणजे चढ. घरं दरीच्या उतारावर एकावर एक. फोटोत गोड दिसणाऱ्या घराच्या दारापर्यंत चाळीस पायऱ्या निघू शकतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी "गाडी दारापर्यंत येते का?" हा पहिला प्रश्न विचारा. प्रवासी रेल्वे नाही. टेल्फर्डला उतरून बस किंवा टॅक्सी. म्हणजे कार हवीच. भारतातल्या वैध लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत चालवता येते, गाड्याही डावीकडूनच. हिवाळ्यात सेव्हर्नला पूर येतो, तेव्हा नदीकाठचं घर घेताना चौकशी करून घ्या.

गावाबाहेरचं शेतावरचं कॉटेज? मोह होतो. आम्ही दोन रात्री काढल्या. मोबाइलला रेंज नाही, दुधाला सहा किलोमीटर, आणि समोरून ट्रॅक्टर आला की कोणीतरी रिव्हर्समध्ये जायचं असा एकेरी रस्ता. कॉलेजचे मित्र जमणार असतील तर जरूर घ्या, आई-बाबांना नका नेऊ.

कुठलंही घ्या, शेगडी इंडक्शनची आहे का विचारा. आमचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आठवडाभर बॅगेतच राहिला. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म मोहरी तडतडायच्या आत बोंबलतो. किल्ली बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी दुपारी चारनंतर मिळते. जुलै अखेर ते ऑगस्ट शाळांना सुट्टी, तेव्हा भाडं चढतं. जूनच्या मध्यावर तेच घर स्वस्त, आणि उजेड साडेनऊपर्यंत.